अमीनाच्या खोलीतला डोळा

मोरोक्कोतल्या तेतुआन शहरात, सपातांच्या गल्लीत अमीन, म्हणजे कारागिरांचा प्रमुख, होणं ही काही पगारी नोकरी नव्हे. सपाता शिवणारे कारागीर एकत्र बसतात, पुदिन्याचा चहा पितात, एकमेकांची मनसोक्त उणीदुणी काढतात आणि शेवटी ज्याच्याशी कोणाचंच मोठं भांडण नाही अशा एकाकडे बोट दाखवतात. मग हातपाय चालतायत तोवर तो अमीन. थामी लम्रीनीकडे बोट दाखवलं गेलं तेव्हा त्याच्या मिशा काळ्याभोर होत्या. आता त्या पांढऱ्या झाल्या होत्या, पण चाल तीच. पांढरा पायघोळ जल्लाबा, हातात जपमाळ आणि मान किंचित कललेली, जणू कोणीतरी कानात सांगतंय आणि हा लक्ष देऊन ऐकतोय. रंगमंचावर अशी एंट्री घेणारा नट जन्मभरात एखादाच बघायला मिळतो. तो नुसता गल्लीच्या तोंडाशी दिसला तरी भांडणारे दोघं आवाज खाली आणायचे.

गल्लीच्या मधोमध, एक पायरी चढून, त्याची खोली. तिला ‘ऑफिस’ म्हणायची फक्त त्याची मुलगी इकराम. एक मेज, दोन स्टुलं, भिंतीला लाकडी फळ्या. फळ्यांवर कारागिरांच्या संघानं एकत्र विकत घेतलेली बकऱ्याची कमावलेली कातडी, पिवळी, पांढरी, डाळिंबी. ज्याला जशी लागतील तशी अमीनानं द्यायची. मेजामागे लोखंडी कपाट आणि त्यात लोकांच्या ठेवी. हजला निघालेला माणूस घराची किल्ली ठेवून जाई, एखादी सासू सुनेच्या नजरेपासून लांब म्हणून कानातली डुलं. कोणाचं काय आहे, हे कुठंही लिहिलेलं नव्हतं. थामीच्या आधीचा अमीनही लिहीत नसे, त्याच्या आधीचाही नाही. लिहून घेणं म्हणजे समोरच्याला तोंडावर सांगणं, की बाबा रे, तुझा भरवसा नाही. सगळं अमीनाच्या डोक्यात.

समोरचं दुकान हमीदोचं. दोघांनी लहानपणी एकाच मशिदीच्या शाळेत, एकाच छडीचा मार खाल्लेला. हमीदो गुडघ्यांत कातडं आवळून सपाता शिवायचा, सुई ओठांत धरून, आणि सुई ओठांत असली तरी त्याचं बोलणं थांबत नसे. नमाजाला दोघं पाळीपाळीनं जात. आधी थामी, तो परतला की हमीदो. जाताना थामी दाराला एक काठी आडवी लावून जायचा. काठी आडवी दिसली की आत पाऊल टाकायचं नाही, हे या गल्लीत तान्ह्या पोरालाही कळतं. पण समोरच्या शेजाऱ्याला तीच काठी वेगळं सांगते: मी नाहीये, तू बघ. गिऱ्हाईक आलं की हमीदो उठायचा, काठीखालून वाकून आत जायचा, हवं ते काढून द्यायचा आणि परत आपल्या जागी येऊन सुई ओढायला लागायचा.

“शावेन गावचा माणूस येऊन गेला,” थामी परतला की तो सांगायचा. “तुझ्यापेक्षा गोड बोलून पाठवला त्याला.”

“म्हणजे आता तो पुन्हा येत नाही.”

“येईल की. तुझं तोंड बघावं लागलं नाही म्हणून दुवा देत गेलाय.”

असं त्यांचं वर्षानुवर्षं चाललेलं. मग एके वर्षी मौलिदचा सण उलटला आणि फळीवरची कातडी कमी दिसायला लागली.

थामीनं मोजली, परत मोजली. पिवळ्यांतली दोन नव्हती. आपण कोणाला दिली का, हे त्यानं आठवून पाहिलं. नाव आलं नाही. काही आठवड्यांनी पांढऱ्यातलं एक गेलं. रात्री दाराला कुलूप असायचं आणि कुलूप जसंच्या तसं होतं. ही गोष्ट त्यानं एकट्या हमीदोला सांगितली.

“उंदीर,” हमीदो सुई न काढता म्हणाला.

“उंदीर अख्खं कातडं नेतो?”

“अमीनाच्या खोलीतले उंदीर आहेत. अर्धवट काम कसं करतील?”

थामी हसला, पण ते हसू पोटापर्यंत गेलं नाही. आज फळीवरचं गेलं, उद्या कपाटातलं जाईल. कोणीतरी येऊन हात पुढे करील आणि आदरानं ‘सी’ लावून म्हणेल, सी थामी, माझ्या आईचं ते द्या. आणि आपल्या हातात काही नसेल. त्या विचारानं त्याला जेवण जाईना.

इकराम नव्या शहरात एका विमा कचेरीत कामाला होती. तिची आई फामा गेल्यापासून दर रविवारी ती बापाकडे यायची, घर झाडायची, आठवड्याची कडधान्यं शिजवून ठेवायची. काहीतरी बिनसलंय हे बापानं न सांगताच तिला कळलं, कारण बैसाऱ्याच्या घट्ट आमटीचं पातेलं मागल्या रविवारी ठेवलं तसंच होतं. तिनं खोदून विचारलं तेव्हा त्यानं कातड्यांचं सांगितलं.

“आमच्या कचेरीत आहे तसा अलार्म बसवू,” ती म्हणाली.

“इथे? सपातांच्या गल्लीत?”

“बाबा, चोर गल्ली बघून येत नाही.”

तिनं नव्या शहरातून माणूस आणला. त्यानं खोलीच्या कोपऱ्यात, छताजवळ, साबणाच्या वडीएवढी पांढरी डबी बसवली. तिच्यात एक लाल ठिपका लुकलुकायचा. माणसाच्या अंगाची ऊब तिच्यासमोरून सरकली की तिला कळायचं आणि मग दारावरचा भोंगा सुरू व्हायचा. दाराच्या आतल्या बाजूला आकड्यांची बटणं होती. चार आकडे दाबले की तो डोळा जागा व्हायचा, पुन्हा दाबले की झोपायचा. इकरामनं आपल्या फोनच्या क्रमांकाचे शेवटचे चार ठरवले आणि बापाकडून घोकून घेतले.

गल्ली गोळा झाली होतीच. कोणी काही बोलेना. या गल्लीत लोक गप्प बसले की समजावं, काहीतरी बिघडलंय. हमीदोच पुढे झाला. त्यानं डबीकडे बघून टोपी नीट केली.

“हा फोटो काढतो?”

“नाही, हमीदो काका,” इकराम म्हणाली. “नुसती हालचाल टिपतो.”

“मग उगाच दाढी केली मी.”

लोक हसले, पण कोपऱ्यातून एक कारागीर म्हणाला, “सी थामी, आता आम्ही आत येताना हात वर करून यायचं का?”

थामी पायरीवर उभा राहिला. “हे रात्रीपुरतं आहे,” तो म्हणाला. “दिवसा काठी होती, काठीच राहील. माझा शब्द आहे.”

अमीनाचा शब्द आल्यावर पुढे काय बोलायचं? गल्ली पांगली. पहिले काही दिवस तर गंमतच झाली. सकाळी कुलूप काढून थामी आत शिरायचा, बटणांसमोर उभा राहायचा आणि आकडे त्याच्या हाताशी येईनात. भोंगा कोकलायचा. कोपऱ्यावर चीज विकणाऱ्या डोंगरातल्या बायका एकमेकींना म्हणायच्या, “अमीन उठले गं, टोपल्या मांडा.” थामी इकरामला फोन लावायचा. ती कचेरीतून हळू आवाजात आकडे सांगायची. या यंत्राची सवय नाही, एवढंच, असं तो म्हणायचा. सगळेच तसं म्हणायचे.

आणि मग पांढऱ्यातलं आणखी एक कातडं गेलं. भोंगा वाजलाच नव्हता.

मुफद्दल हा गल्लीच्या टोकाचा मोठा व्यापारी. टँजियरपर्यंत त्याचा माल जायचा आणि निम्म्या कारागिरांना शिवायचं काम त्याच्याचकडून मिळायचं. कातडी कमी होतायत हे एव्हाना त्याच्या कानावर गेलं होतं. तो खोलीत आला, स्टुलावर बसला, चहाचा पेला दोन्ही हातांनी धरून सावकाश म्हणाला, “रात्री भोंगा वाजत नाही. कुलूप शाबूत. म्हणजे जो कोणी येतो तो दिवसा येतो, सी थामी. आता दिवसा त्या काठीखालून वाकून कोण जातं, हे मी सांगायला नको.”

“तोंड आवर, मुफद्दल.”

“आवरलं. मी कुठं कोणाचं नाव घेतलं?”

नाव न घेतल्यामुळेच ते खोलीत राहिलं. मुफद्दल निघून गेला, चहाचा पेला थंड झाला आणि थामी समोर बघत बसला. समोर हमीदो सुई ओढत होता. तोच हात, तीच लय. थामीला त्याच्याकडे बघण्याची लाज वाटली, आणि तरी तो बघत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजाला निघताना थामीनं एका हातानं काठी आडवी लावली आणि दुसऱ्या हातानं, पाठ गल्लीकडे ठेवून, चार बटणं दाबली. त्या दिवशी मात्र आकडे बरोबर आठवले. हे हमीदोसाठी नाही, असं त्यानं स्वतःला सांगितलं. कोणी परका असेल. हमीदोला सांगून ठेवावं, हेही मनात आलं. पण सांगायचं म्हणजे शब्द मोडला हे कबूल करायचं आणि का मोडला तेही. म्हणून तो बोलला नाही. बरेच दिवस काहीच घडलं नाही. परतल्यावर आकडेही कसेबसे आठवत गेले. योगायोगानं त्या वेळात गिऱ्हाईकच आलं नाही. थामीला वाटलं, असंच निभेल.

मग एका दुपारी तो मशिदीत, शेवटच्या बैठकीत बसलेला. नमाज संपवणारा सलाम फिरवायचा बाकी होता. आणि गल्लीतून भोंगा कोकलला.

तो धावत आला. या वयात, सपाता पायात नीट न घालता. गल्ली माणसांनी भरली होती. खोलीच्या आत, मेजापाशी, हमीदो उभा होता. छातीशी एक बांधलेलं गाठोडं. बाहेर शावेनचा तो सपातावाला, हातात बसचं तिकीट, कावराबावरा. त्याचं गाठोडं थामीनंच सकाळी बांधून ठेवलं होतं. बस सुटायला आली होती, म्हणून त्यानं हमीदोला हाक मारली आणि हमीदो काठीखालून वाकून आत गेला, जसा इतकी वर्षं जात आला तसा. सगळं एका नजरेत कळण्यासारखं होतं.

पण भोंगा डोक्यात घुसत होता. थामीनं बटणांना हात लावला आणि आकडे पळाले. दोन दाबले, चुकले. पुन्हा दाबले. लोक बघत होते. मुफद्दल सगळ्यांत पुढे हाताची घडी घालून उभा होता. घामानं बोटं घसरायला लागली आणि त्या गोंगाटात आवाज पोचावा म्हणून थामीनं घशाच्या शिरा ताणून ओरडून विचारलं, “हमीदो, काय घेतलंस तू?”

नेमका त्याच क्षणी भोंग्याचा वेळ संपला आणि तो बंद पडला. वाक्याचा पहिला शब्द आवाजात बुडाला होता. उरलेलं वाक्य त्या शांततेत गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलं. नाटकात असा क्षण जुळवायला महिनाभर तालमी कराव्या लागतात. इथं तो आपोआप जुळून आला.

हमीदो काठीखालून वाकून बाहेर आला, पायरीवर बसला, गाठोडं सोडलं. आतल्या सपाता एकेक जोडी करून लोकांसमोर मांडल्या. मग उठला. इथले पुरुष जल्लाब्याच्या पाठीवर लोंबणाऱ्या टोपड्यात बाजारहाट टाकतात. त्यानं मान वाकवली, हात मागे नेला आणि टोपडं सगळ्यांसमोर उलटं केलं. एक पाव पडला. एक लिंबू पडलं आणि घरंगळत मुफद्दलच्या पायापाशी गेलं.

“झालं?” हमीदोनं विचारलं. मग शावेनच्या माणसाकडे वळून म्हणाला, “तुमची बस जाईल, दादा. बांधून घ्या.”

तो आपल्या दुकानात गेला आणि स्टूल फिरवून, गल्लीकडे पाठ करून बसला. त्या दिवसापासून तो तसाच बसायला लागला. समोरून बघितलं तर नुसती पाठ आणि सुईबरोबर मागे येणारं कोपर.

त्याला कोणी चोर म्हटलं नाही. असं कोणी म्हणत नसतं. फक्त मुफद्दलचा माणूस शिवायची कातडी वाटत यायचा आणि हमीदोच्या दारावरून पुढे जायचा. पाव भाजायच्या सामाईक भट्टीवर बायका हमीदोच्या बायकोच्या पावाच्या फळीला जागा द्यायच्या आणि मग बोलणं थांबवायच्या. हमीदो दुसऱ्या मोहल्ल्यातले फाटके बूट आणून ठोकायला लागला. गल्लीतल्या सर्वांत बारीक टाक्याचा कारागीर, आता रबरी तळवे चिकटवत होता.

थामी तीनदा त्याच्या दारापर्यंत जाऊन परत फिरला. चौथ्यांदा आत शिरला आणि पाठीशी उभा राहून म्हणाला, “माझी चूक झाली.”

“हं.”

“मी शब्द मोडला. तुला सांगायला हवं होतं. आकडे तुला सांगून ठेवतो. चारच आहेत. मग तू कधीही जा, कधीही ये. अगदी पहिल्यासारखं.”

हमीदोनं हातातला बूट खाली ठेवला आणि दोन्ही कानांत बोटं घातली. म्हातारा माणूस, पांढरी दाढी, आणि कानांत बोटं. एरवी थामीला हसू आलं असतं.

“सांगू नकोस,” हमीदो म्हणाला. “आकडे मला कळले आणि उद्या एखादं कातडं गेलं, तर चोर कोण? आत्ता मला आत जाता येत नाही, एवढं एकच माझ्या बाजूनं बोलणारं आहे. तेवढं तरी राहू दे.”

जो विश्वास थामी द्यायला आला होता, तो घेतला तर त्याच्या मित्राच्या गळ्यात धोंडा पडणार होता. तो परतला.

पुढच्या आठवड्यात रहीमो आली. गल्ली तिला आदरानं लल्ला रहीमो म्हणायची. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं कापड कमरेला, डोक्यावर रुंद गवती टोपी. नवरा गेल्यापासून ती सपातांवर रेशमाचं भरतकाम करून पोरं वाढवत होती. तिनं मेजावर फडकं सोडलं. आत लग्नाच्या सपाता, पिवळ्या आणि पांढऱ्या, प्रत्येकीवर रेशमाच्या वेली.

“उशीर झाला, सी थामी. डोळे पहिल्यासारखे राहिले नाहीत. पण तुमच्या कातड्याचं चीज केलंय.”

“माझ्या कातड्याचं?”

“तुम्ही दिलेल्या. मौलिदनंतर दोन पिवळी दिलीत, मग एक पांढरं आणि मागल्या महिन्यात आणखी एक. म्हणालात, लल्ला रहीमो, सपाता झाल्या की बघू, आणि कोणाला बोलू नकोस, नाहीतर उद्या दारात रांग लागेल. मी कोणाला बोलले नाही हं. माझ्या पोरांनासुद्धा नाही.”

थामीनं एक सपाता उचलली. कातडं ओळखीचं होतं. असं मऊ पिवळं फक्त त्याच्याच फळीवर असायचं. त्यानं रहीमोकडे बघितलं. ही बाई या स्टुलावर बसलेली, आपण उठलेलो, फळीवरून कातडं काढलेलं, सुतळीनं बांधलेलं. एकदा नव्हे, तीनदा. त्यानं डोकं पिंजून काढलं. तिथं काहीच नव्हतं. धूसरही नव्हतं. जिथं काहीतरी असायला हवं तिथं सफेत भिंत होती.

“बस,” तो म्हणाला. “चहा सांगतो.”

चहा सांगायला तो दारापर्यंत गेला आणि तिथंच उभा राहिला. भोंग्यासमोर रोज पळणारे आकडे. परवा मशिदीतून येताना आपल्याच गल्लीच्या आधीच्या वळणावर वळलो होतो. मोठ्या नातवाला धाकट्याच्या नावानं हाक मारली आणि पोरं हसली. हे सगळं वेगवेगळं पडलेलं होतं, आता एका दोऱ्यात ओवलं गेलं. चोर खोलीत होताच. तो रोज सकाळी कुलूप काढून आत येत होता.

रविवारी त्यानं इकरामला सांगितलं. ती वांगी चिरत होती. तिनं सुरी ठेवली, हात पुसले, बापासमोर बसली. तिला फारसं नवल वाटलेलं दिसलं नाही आणि तेच थामीला जास्त लागलं.

“डॉक्टरकडे जाऊ,” ती म्हणाली. “मी वेळ घेते. पण बाबा, गल्लीत हे बोलू नका.”

“मग हमीदोचं काय?”

“सांगा, मोजण्यात चूक झाली. कातडी फळीमागे पडली होती. हमीदो काका सुटतील आणि तुमचंही राहील. विसरता म्हणून सांगितलंत तर काय होईल, कळतंय का? ते कपाट आहे तिथं. सगळी गल्ली येईल.”

“फळीमागे पडली होती,” थामी हळूच म्हणाला. चाखून बघावं तसं. वाक्य सोपं होतं, कोणालाही पटलं असतं. मग तो म्हणाला, “आणि पुढच्या वेळी? पुन्हा कोणाला काहीतरी देईन आणि विसरेन. मग तेव्हा भोंगा कोणावर वाजेल?”

इकराम उठून पुन्हा वांग्याशी गेली. तिची पाठ हलत होती. थामीनं तिला एकटं सोडलं.

त्यानं रहीमोला विचारलं, तुझं नाव घेऊ का. ती म्हणाली, “घ्या की. पडत्या काळात अमीनानं दिलं, यात लाज कसली?”

शुक्रवारी नमाजानंतर कारागीर झावियात, पिराच्या मठात, जमतात. मोठ्या परातीभोवती गोल करून कुसकुस खातात, मग संघाचं काय असेल ते बोलतात. त्या दिवशी परात उचलायच्या आतच थामी उभा राहिला. मान आज कललेली नव्हती. हमीदो दाराजवळ, चपलांच्या ओळीपाशी बसला होता, येणं भाग म्हणून आलेला.

“भावांनो, कातडी चोरीला गेली नाहीत,” थामी म्हणाला. “मी दिली. लल्ला रहीमोला, माझ्या हातानं, तीन वेळा. आणि विसरलो. मोजण्यात चुकलो असं म्हणत नाही मी. विसरलो. तिनं सपाता आणून समोर ठेवल्या तरी आठवलं नाही, आत्ताही आठवत नाही. त्यापायी मी माझा शब्द मोडला आणि माझ्या शेजाऱ्याला भर गल्लीत टोपडं झाडायला लावलं. या गल्लीत काठीखालून गेलेल्यांत त्याच्याइतका स्वच्छ माणूस झाला नाही. त्याला कोणी काम देत नसेल तर ते माझं पाप आहे, त्याचं नाही.”

कोणाचा घास तोंडात, कोणाचा हातात. मुफद्दलनं खाकरून विचारलं, “म्हणजे सी थामी, कपाटातलंसुद्धा...?”

“हो, मुफद्दल. कपाटातलंसुद्धा. कोणाचं काय, ते मला आता छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. उद्या सकाळी या, आपापलं घेऊन जा. आणि दुसरा अमीन बघा.”

तो बसला. कोणीतरी “अल्लाह बरं करो” म्हणालं. थामीनं दाराकडे बघितलं. हमीदोची जागा रिकामी होती. तो कधी उठून गेला कोणास ठाऊक. सगळं ऐकून गेला की त्याआधीच, हेही कळलं नाही.

सकाळी माणसं आली. कोणी सांगितलं, भाचीचं लग्न निघालंय म्हणून हवं होतं. कोणी म्हणालं, सहज इकडून चाललो होतो. थामीनं कपाट उघडलं. आत रुमालांच्या पुरचुंड्या, छोटे डबे, चिंधीत गुंडाळलेलं काय काय. एके काळी त्यानं डोळे मिटून हात घातला असता. आता त्यानं समोरच्या अब्देस्सलामकडे बघितलं, कपाटाकडे बघितलं आणि एक हिरवी पुरचुंडी पुढे केली. अब्देस्सलामनं ती उघडली आणि हळूच परत ठेवली. “माझं नाही, सी थामी.” मागे उभी असलेली माणसं जमिनीकडे बघायला लागली. थामीचा हात पुन्हा कपाटात गेला आणि तिथंच घुटमळला.

समोरच्या दुकानात स्टूल सरकल्याचा आवाज झाला. हमीदो गल्ली ओलांडून पायरीपाशी आला. लोकांनी वाट करून दिली. त्यानं कोपऱ्यात वर बघितलं.

“झोपलाय का तो?”

“झोपलाय,” थामी म्हणाला.

हमीदो आत आला, दुसऱ्या स्टुलावर बसला आणि आवाज न चढवता बोलला, पण ऐकू सगळ्यांना गेलं. “मी माफ करायला आलेलो नाही. अजून राग आहे माझ्या पोटात. तुला एकट्याला हे जमणार नाही म्हणून आलोय. निळा रुमाल काढ. अब्देस्सलामचा तो. हिरवी पुरचुंडी चीजवाल्या आजीची. ती ठेवताना रडली होती.”

“तुला कसं माहीत?”

“इतकी वर्षं मी दुसरं काय केलं? तुझ्याकडे बघत सुई ओढली.”

अब्देस्सलामनं निळा रुमाल उघडला. बरोबर होता. मग दुसरा पुढे झाला, मग तिसरा. थामी कपाटातून काढायचा, हमीदो नाव सांगायचा. ज्याच्या दारावरून ते आठवडे आठवडे पुढे गेले होते, त्याच्याच तोंडाकडे बघत त्यांना उभं राहावं लागत होतं. कोणी हमीदोला “अल्लाह तुला आयुष्य देवो” म्हणालं, कोणाला ते जमलं नाही. मुफद्दल सगळ्यांत शेवटी आला. त्याच्या आईची चांदीची जपमाळ होती. हमीदोनं पत्र्याच्या डबीकडे बोट दाखवलं. मुफद्दलनं भिंतीकडे बघतच डबी घेतली.

दुपारपर्यंत कपाट रिकामं झालं. तळाशी एक लांबट गाठोडं उरलं होतं, जुन्या जांभळ्या मखमलीत बांधलेलं. थामीनं ते मेजावर आणून सोडलं. आत सोन्याचा कमरपट्टा होता, नववधू बांधते तसा, एका कडीला थोडा वाकलेला. थामीनं तो दोन्ही हातांत धरून उजेडाकडे नेला.

“हा कोणीच नेला नाही,” तो म्हणाला. “कोणाचा आहे रे?”

बाहेर मशिदीत बांग सुरू झाली. आज दोघांपैकी कोणीच उठलं नाही.

“फामाचा आहे,” अखेर हमीदो म्हणाला. “ती गेली त्या वर्षी तूच इथं आणून ठेवलास. घरात बघवत नाही म्हणालास.”

थामी पट्ट्याकडे बघत राहिला. वाकलेल्या कडीवरून त्याचं बोट एकदा फिरलं, परत फिरलं.

“इकरामला दे,” हमीदो म्हणाला. मग थोडं थांबून, त्याच्याकडे न बघता म्हणाला, “आजच दे.”